लेड-ॲसिड बॅटरी: नेहमीचे शब्द, त्यांचा अर्थ आणि चार्जिंगची योग्य पद्धत

पावसाळ्यात गगनबावडा-राधानगरीच्या बाजूने वारा-पाऊस सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक गावांत लाईटची ये-जा सुरू होते, आणि त्या काळात घरच्या इन्व्हर्टरपासून दूध संस्थेच्या वजनकाट्यापर्यंत बरेच काही लेड-ॲसिड बॅटरीच्या भरवशावर चालते. ऊस वाहणारे ट्रॅक्टर, शिवाजी उद्यमनगरातील जनरेटर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतील यूपीएस यांच्या पोटातही हीच बॅटरी असते. तरीही बॅटरी घेताना आपली चौकशी बहुधा ‘किती एएचची?’ आणि ‘वॉरंटी किती?’ या दोन प्रश्नांपुढे जात नाही. माझे मत असे आहे की आपल्याकडे घरगुती बॅटऱ्या वापराने जितक्या झिजतात त्याहून अधिक त्या दिवसेंदिवस अर्धवट चार्ज राहिल्यामुळे मरतात. हे ओळखायचे असेल तर व्होल्टेज, ग्रॅव्हिटी आणि तापमान हे तीन आकडे एकत्र वाचता आले पाहिजेत. म्हणून या लेखात आधी ते शब्द घेतले आहेत आणि नंतर प्रत्यक्ष चार्जिंग.

सेल, प्लेट आणि ॲसिड

१८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते याने तयार केलेल्या या बॅटरीचे मूळ रसायन आजही तेच आहे. पॉझिटिव्ह प्लेटवर गडद तपकिरी रंगाचा लेड डायऑक्साइड असतो, निगेटिव्ह प्लेटवर राखाडी, सच्छिद्र शिसे असते, दोन प्लेटी एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये सेपरेटर असतो, आणि हे सर्व पाणी मिसळलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडालेले असते. या मिश्रणाला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. पूर्ण चार्ज बॅटरीत त्याच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग ॲसिडचा असतो. अशा एका कप्प्याला सेल म्हणतात. एका सेलचे नाममात्र व्होल्टेज २ असते, आणि सहा सेल एकापुढे एक जोडले की १२ व्होल्टची बॅटरी होते. वरून सहा बुचे दिसतात ती याच सहा सेलची.

बॅटरी वापरली जाते तेव्हा ॲसिडमधील सल्फेट दोन्ही प्लेटींवर जाऊन बसते, दोन्हीकडे लेड सल्फेट तयार होते आणि मागे पाण्याचे प्रमाण वाढते, म्हणजे इलेक्ट्रोलाइट पातळ होत जाते. चार्जिंगमध्ये हीच क्रिया उलटी होते, सल्फेट प्लेटी सोडून पुन्हा ॲसिडमध्ये येते आणि इलेक्ट्रोलाइट दाट होते. पुढच्या जवळजवळ सर्व सूचना या एका गोष्टीतून निघतात, त्यामुळे ती नीट लक्षात ठेवावी.

व्होल्टेज आणि ग्रॅव्हिटी

मल्टिमीटर टर्मिनलांवर ठेवला की आकडा दिसतो. तो कोणत्या अवस्थेतला आहे हे माहीत नसेल तर त्याचा उपयोग नाही. लोड चालू असताना व्होल्टेज खाली दबलेले असते. चार्जर चालू असताना ते वर चढलेले असते, आणि चार्जर काढल्यावरही प्लेटींच्या पृष्ठभागावर उरलेल्या चार्जमुळे काही तास खोटे जास्त दिसते. म्हणून चार्जर आणि लोड दोन्ही काढून बॅटरीला किमान चार तास, जमल्यास रात्रभर, विश्रांती द्यावी आणि मग व्होल्टेज मोजावे. या आकड्याला ओपन सर्किट व्होल्टेज म्हणतात, आणि व्होल्टेजवरून बॅटरीत किती चार्ज आहे याचा अंदाज बांधायचा तर तो फक्त याच आकड्यावरून बांधता येतो.

ग्रॅव्हिटी म्हणजे इलेक्ट्रोलाइटची विशिष्ट घनता. ती हायड्रोमीटरने मोजतात. काचेच्या नळीच्या टोकाला रबरी फुगा असतो, तो दाबून सोडला की ॲसिड नळीत चढते आणि आतला काचेचा तरंगक उभा राहतो. तरंगक नळीच्या भिंतीला चिकटलेला नसावा, नळी डोळ्याच्या पातळीवर धरावी, आणि द्रवाची सपाट पातळी तरंगकाच्या ज्या रेघेवर येते तो आकडा वाचून ॲसिड त्याच सेलमध्ये परत सोडावे. नुकतेच पाणी घातले असेल तर हे वाचन घेऊ नये, कारण नवे पाणी वरच्या थरात राहते आणि ग्रॅव्हिटी उगाच कमी दिसते.

आता या दोहोंचा संबंध पाहू. एका सेलचे ओपन सर्किट व्होल्टेज म्हणजे साधारणपणे त्याची ग्रॅव्हिटी अधिक ०.८४. कारच्या बॅटरीत पूर्ण चार्जला ग्रॅव्हिटी १.२७० च्या आसपास असते, म्हणजे सेलला २.११ आणि बॅटरीला १२.६६ व्होल्ट मिळतात. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर (नळ्यांच्या प्लेटी असलेल्या) बॅटरीत मात्र आयुष्य वाढावे म्हणून ॲसिड मुद्दाम पातळ ठेवलेले असते. तिची पूर्ण चार्ज ग्रॅव्हिटी बहुधा १.२४० असते, म्हणजे विश्रांतीनंतर तिचे व्होल्टेज १२.४८ च भरते. कारच्या बॅटरीचा तक्ता पाहून ‘१२.५ म्हणजे पाऊण भरलेली’ असा निष्कर्ष काढणारा माणूस नवी कोरी ट्यूब्युलर बॅटरी दुकानात परत घेऊन जातो आणि वाद घालतो. आपल्या बॅटरीची पूर्ण चार्ज ग्रॅव्हिटी किती, हे तिच्या लेबलवर किंवा वॉरंटी कार्डावर पाहून ठेवावे. १.२४० वाल्या बॅटरीत आकडा १.१८० च्या आसपास आला की सुमारे निम्मी वीज वापरली गेली आहे असे समजावे.

तापमानाचाही हिशेब धरावा लागतो. भारतात ग्रॅव्हिटीचे आकडे साधारणपणे २७ अंश सेल्सिअसला दिलेले असतात. ॲसिड त्याहून १० अंशांनी गरम असेल तर वाचन सुमारे ०.००७ ने कमी येते, म्हणून तेवढे मिळवावे. थंड असेल तर वजा करावे. एप्रिलच्या दुपारी ३७ अंशांच्या ॲसिडमध्ये १.२३३ दिसले तर ते १.२४० च आहे.

सहाही सेलची ग्रॅव्हिटी वेगवेगळी मोजण्याचा त्रास का घ्यायचा, हे एका उदाहरणाने दाखवतो. समजा, सहा वाचने १.२४०, १.२३५, १.२४०, १.१५०, १.२४० आणि १.२३५ अशी आली. वरच्या सूत्राने या बॅटरीचे एकूण व्होल्टेज १२.३८ येते. फक्त मल्टिमीटर लावणाऱ्याला वाटेल की बॅटरी थोडी उतरली आहे, रात्रभर चार्ज केली की झाले. प्रत्यक्षात पाच सेल भरलेले आहेत आणि चौथा जवळजवळ रिकामा आहे. लोड आला की तोच सेल आधी कोसळणार आणि इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून बंद पडणार. पूर्ण चार्जिंग आणि इक्वलायझिंग (सर्व सेल एका पातळीवर आणणारे जादा चार्जिंग) करूनही सेलांमधला फरक ०.०३० पेक्षा जास्त राहत असेल तर त्या सेलमध्ये बिघाड आहे असे धरावे. वॉरंटीसाठी जाताना सहाही आकडे तारखेसह कागदावर नेले तर बोलणे लवकर संपते.

क्षमता, आणि सी१० व सी२० चा घोळ

ॲम्पिअर-अवर, म्हणजे एएच, हे बॅटरीच्या क्षमतेचे माप. मात्र ती क्षमता किती तासांत वापरली यावर आकडा बदलतो. १५० एएच सी२० याचा अर्थ असा की ७.५ ॲम्पिअरने वीज काढली तर बॅटरी २० तास चालेल आणि शेवटी तिचे व्होल्टेज १०.५ वर येईल. सी१० म्हणजे हेच मोजमाप १० तासांच्या वेगाने केलेले. वीज जितक्या वेगाने काढावी तितकी एकूण कमी मिळते. हा नियम प्यूकर्ट या शास्त्रज्ञाने १८९७ साली मांडला आणि तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. १५० एएच सी२० ची बॅटरी १० तासांच्या वेगाने वापरली तर सुमारे १२५ ते १३० एएचच देते. म्हणून दोन दुकानांतील ‘दीडशेच्या’ बॅटऱ्यांच्या किमतींची तुलना करताना एकीवर सी१० आणि दुसरीवर सी२० लिहिले आहे का, हे आधी पाहावे. सी१० वाली महाग असली तर ती प्रत्यक्षात मोठीच असते.

घरच्या हिशेबाला हे लावून पाहू. दोन पंखे, टीव्ही, चार एलईडी दिवे आणि वायफाय मिळून २८० ते ३०० वॅट होतात. इन्व्हर्टरमधील घट धरून बॅटरीतून सुमारे ३० ॲम्पिअर जातात. १५० भागिले ३० म्हणजे पाच तास, असे गणित दुकानात सांगितले जाते. प्यूकर्टचा नियम लावला तर ते चार तासांच्या आत येते, आणि तेही बॅटरी नवी असताना व पूर्ण रिकामी केली तर. डेप्थ ऑफ डिस्चार्ज, म्हणजे एका वेळी किती टक्के वीज काढली, यावर बॅटरीचे आयुष्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. रोज निम्मीच वापरलेली बॅटरी रोज रिकामी केलेल्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त आवर्तने, म्हणजे चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या, देते. त्यामुळे नियोजन करताना या लोडवर तीन तास धरावेत, त्याहून अधिक नाही. स्टेट ऑफ चार्ज हा याच मोजणीचा दुसरा अंग आहे: किती उरली.

गाडीच्या बॅटरीवर याखेरीज सीसीए, म्हणजे कोल्ड क्रँकिंग ॲम्पिअर, छापलेले असते. उणे १८ अंशांत ३० सेकंद किती करंट देता येतो याचे ते माप आहे. आपल्या हवेला ती परीक्षा लागू नाही. तरी एकाच आकाराच्या दोन बॅटऱ्यांत स्टार्टर फिरवण्याची ताकद कोणाची जास्त, हे त्यावरून कळते.

कोणती बॅटरी कशासाठी

गाडीच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ प्लेटी असतात. काही सेकंद शेकडो ॲम्पिअर देणे हे तिचे काम. इन्व्हर्टरला लावली तर ती लवकर बसते. ट्यूब्युलर बॅटरीत पॉझिटिव्ह प्लेट म्हणजे शिशाच्या कांड्या आणि त्यांभोवती कापडी नळ्यांत भरलेला सक्रिय पदार्थ असतो, त्यामुळे तो गळून तळाशी साचत नाही आणि खोल डिस्चार्ज सोसतो. तिसरा वर्ग व्हीआरएलए, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या सीलबंद बॅटऱ्यांचा. त्यात एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेले) आणि जेल (ॲसिड घट्ट लगद्यासारखे केलेले) असे दोन प्रकार येतात आणि बाजारात त्यांना सरसकट एसएमएफ म्हणतात. यूपीएसमधील १२ व्होल्ट ७ एएच आणि वजनकाट्यातील ६ व्होल्ट ४.५ एएच या त्यातल्याच. यांत पाणी घालायचे नसते, वरचे झाकण उचकटायचे नसते, आणि जास्त व्होल्टेजला त्या अजिबात क्षमा करत नाहीत.

चार्जिंगचे टप्पे

चांगला चार्जर तीन टप्प्यांत काम करतो. पहिला बल्क टप्पा: चार्जर ठरलेला करंट देत राहतो आणि बॅटरीचे व्होल्टेज हळूहळू वर चढते. १२ व्होल्टच्या बॅटरीला ते १४.४ च्या आसपास पोहोचेपर्यंत बहुतेक बॅटरी, साधारण ८० टक्के, भरलेली असते. दुसरा ॲब्सॉर्प्शन टप्पा: आता व्होल्टेज तेवढ्यावरच धरून ठेवले जाते आणि करंट आपोआप कमी होत जातो. भरलेल्या एसटीत शेवटच्या दहा प्रवाशांना आत घ्यायला जसा आधीच्या चाळिसांइतकाच वेळ लागतो, तसे या टप्प्याचे आहे, आणि घाई याच टप्प्यात केली जाते. तिसरा फ्लोट टप्पा: बॅटरी भरल्यावर तिची स्वतःहून होणारी गळती भरून काढण्यासाठी १३.५ ते १३.८ व्होल्ट सतत दिले जातात.

१४.४ हा आकडा मनाने काढलेला नाही. सेलमागे सुमारे २.४ व्होल्टच्या वर इलेक्ट्रोलाइटमधील पाण्याचे विघटन जोरात होऊ लागते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. याला गॅसिंग म्हणतात. थोडे गॅसिंग उघड्या, म्हणजे पाणी घालायची बुचे असलेल्या, बॅटरीला उपकारक असते, कारण बुडबुड्यांनी तळाचे दाट आणि वरचे पातळ ॲसिड ढवळले जाते. फार झाले तर पाणी उडते आणि पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजते. जेल बॅटरीला म्हणूनच १४.१ ते १४.२ पुरे असतात, आणि ६ व्होल्टच्या लहान बॅटरीला हे सारे आकडे निम्मे करून लावावेत. वजनकाट्याची ६ व्होल्टची बॅटरी मोटारसायकलच्या १२ व्होल्टच्या चार्जरला ‘थोडाच वेळ’ लावण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ती फुगण्याचे ते एक ठरलेले कारण आहे.

व्होल्टेजचे हे आकडे २५ अंश तापमानाचे आहेत. तापमान वाढले की व्होल्टेज कमी ठेवावे लागते. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी अंशामागे सुमारे ०.०२४ व्होल्ट हा हिशेब धरावा. एप्रिलमध्ये ३८ अंशांच्या खोलीत १४.४ ऐवजी १४.१ पुरतात, तर डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांना १४.६ च्या वर द्यावे लागतात. ज्या चार्जरला तापमानाचा सेन्सर आहे तो हे आपोआप करतो, आणि बॅटरी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायची असेल तर असा चार्जर घेण्यासाठी थोडे जास्त पैसे मोजणे मला योग्य वाटते. बॅटरीचे तापमान कायम १० अंशांनी जास्त राहिले तर तिचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते, असा या व्यवसायातला ढोबळ नियम आहे.

करंट किती द्यावा? उघड्या बॅटरीसाठी एएचच्या दहावा भाग हा सुरक्षित आकडा आहे, म्हणजे १५० एएचला १५ ॲम्पिअर, मोटारसायकलच्या ५ एएचला अर्धा ॲम्पिअर. वेळेचा हिशेब असा: १५० ची बॅटरी निम्मी उतरली असेल तर ७५ एएच परत घालायचे आहेत, पण चार्जिंगमध्ये काही वीज वाया जाते म्हणून सुमारे ८७ ते ९० एएच द्यावे लागतात. बल्कला साधारण चार-पाच तास, आणि त्यापुढे ॲब्सॉर्प्शनचे तीन-चार तास. म्हणजे एकूण सात ते नऊ तास. लाईट सलग इतका वेळ राहिली नाही आणि असे आठवडाभर चालले, तर बॅटरी रोज ८०-८५ टक्क्यांवरूनच उतरायला लागते. इन्व्हर्टरच्या पॅनेलवरचे हिरवे दिवे यात फारसे काही सांगत नाहीत.

प्रत्यक्ष चार्जिंग, पायरीपायरीने

जागा आधी पाहावी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. म्हणून खोली हवेशीर हवी, जवळ देवाचा दिवा, उदबत्ती, गॅसची शेगडी किंवा वेल्डिंग नको. हातातील अंगठ्या, कडे, घड्याळ काढून ठेवावे, कारण पाना किंवा कडे दोन्ही टर्मिनलांना टेकले तर क्षणात लाल होते. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे असावेत. बादलीभर स्वच्छ पाणी आणि खाण्याचा सोडा जवळ ठेवावा. ॲसिड डोळ्यात गेले तर निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन थेट डॉक्टरांकडे जावे. सोडा हा जमिनीवर आणि ट्रॉलीवर सांडलेल्या ॲसिडसाठी आहे, डोळ्यासाठी नव्हे.

त्यानंतर बॅटरी तपासावी. डबा फुगला असेल, तडा गेला असेल किंवा टर्मिनल हलत असेल तर चार्जिंगला लावू नये. टर्मिनलांवर पांढरा-हिरवा थर साचला असेल तर सोड्याच्या कोमट पाण्याने आणि जुन्या ब्रशने धुवावा. बुचे लावलेली असावीत, सोडा आत जाता कामा नये. सैल लगमुळे, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या जोडामुळे, टर्मिनल तापते आणि चार्जिंगचे व्होल्टेज वाटेतच खर्च होते, म्हणून शेवटी बोल्ट घट्ट करून वरून पेट्रोलियम जेली लावावी.

पाण्याची पातळी पाहावी, पण येथे क्रम महत्त्वाचा आहे. प्लेटी उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढेच डिस्टिल वॉटर चार्जिंगच्या आधी घालावे. खुणेपर्यंत भरणे चार्जिंग झाल्यावर करावे, कारण चार्ज होताना द्रवाची पातळी वर चढते आणि आधीच काठोकाठ भरलेल्या सेलमधून ॲसिड बाहेर सांडते. सांडलेले ॲसिड म्हणजे कायमची गेलेली क्षमता, शिवाय ट्रॉली गंजते ती वेगळी.

बॅटरी गाडीत असेल तर आधी निगेटिव्ह वायर काढावी, मग पॉझिटिव्ह. बसवताना उलट क्रम ठेवावा. पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडू नये हा त्यामागचा हेतू. मग चार्जरवर व्होल्टेज आणि बॅटरीचा प्रकार निवडावा, लाल क्लिप प्लसला आणि काळी मायनसला लावावी, आणि शेवटी चार्जरचे बटन चालू करावे. काढताना आधी बटन बंद करावे, मग क्लिपा काढाव्यात.

पहिल्या पंधरा मिनिटांत बॅटरी स्वतःची अवस्था सांगते. करंट पूर्ण जात असेल आणि व्होल्टेज १२.५-१३ वरून सावकाश चढत असेल तर ठीक आहे. लावताक्षणी व्होल्टेज १५ कडे उडाले आणि ॲम्पिअरचा काटा जवळजवळ शून्यावर राहिला तर प्लेटींवर सल्फेट कडक झाले आहे. रात्रभर चार्जिंग करून विश्रांतीनंतर व्होल्टेज १०.५ च्या आसपासच दिसत असेल, तर बहुधा एक सेल शॉर्ट आहे. सहातील पाचच काम करत आहेत. खूप उतरलेली, दहाच्या खाली गेलेली बॅटरी काही स्वयंचलित चार्जर ओळखतच नाहीत. तिला हाताने सेट करता येणाऱ्या चार्जरवर कमी करंटने, म्हणजे १५० एएचला चार-पाच ॲम्पिअरने, काही तास सुरुवात करून द्यावी लागते.

चार्जिंग चालू असताना दर दोन तासांनी बॅटरीच्या बाजूला हात लावून पाहावा. कोमट होणे ठीक; हात ठेववत नसेल तर चार्जर बंद करून थंड होऊ द्यावी. इलेक्ट्रोलाइट ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. सीलबंद बॅटरी गरम होत चालली असूनही तिचा करंट वाढत असेल तर ताबडतोब बंद करावी, कारण ती उष्णता आणि करंट एकमेकांना वाढवत नेण्याच्या मार्गावर असते.

बॅटरी भरली हे कसे ओळखावे? उघड्या बॅटरीत तासातासाने घेतलेली तीन वाचने सारखी आली, म्हणजे ग्रॅव्हिटी वाढायची थांबली, व्होल्टेज स्थिर राहिले आणि सर्व सेलमधून सारखे बुडबुडे येत असतील तर ती भरली. सीलबंद बॅटरीत ॲब्सॉर्प्शन व्होल्टेजला करंट एएचच्या दोन-तीन टक्क्यांपर्यंत उतरला की पुरे.

बॅटरीच्या दुकानात चार्जिंगला देत असाल तर एक चौकशी जरूर करावी. तेथे बऱ्याचदा निरनिराळ्या बॅटऱ्या एकाच ओळीत जोडून एकाच करंटवर लावतात. ट्रॅक्टरच्या ८८ एएचला साजेसा करंट शेजारच्या ३५ एएचच्या बॅटरीला उकळतो. आपली बॅटरी किती ॲम्पिअरवर आणि किती तास लावणार, हे विचारण्यात संकोच करू नये.

इक्वलायझिंग

सहा सेल कालांतराने मागेपुढे होतात. त्यांना पुन्हा एका पातळीवर आणण्यासाठी उघड्या बॅटरीला अधूनमधून १५ ते १५.५ व्होल्टपर्यंत कमी करंटने काही तास चार्ज करतात. पाणी पुरेसे आहे याची खात्री करावी, लोड आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे काढून ठेवावीत, आणि दर तासाला कमजोर सेलची ग्रॅव्हिटी पाहावी. ती वाढायची थांबली की बंद करावे. पावसाळा संपल्यावर एकदा हे करण्याची सवय चांगली. सीलबंद बॅटरीला इक्वलायझिंग करू नये.

पाणी, आणि पाण्यावरून होणारे वाद

चार्जिंगमध्ये पाणी उडते, ॲसिड उडत नाही. म्हणून भर घालताना फक्त पाणी घालावे. ‘ग्रॅव्हिटी कमी आहे, थोडे ॲसिड टाकू’ हा सल्ला चुकीचा आहे, कारण कमी झालेले सल्फेट कुठेही गेलेले नसते, ते प्लेटींवर बसलेले असते आणि चार्जिंगनेच परत येते. पाणी डिस्टिल किंवा डीमिनरलाइज्ड हवे. घरच्या आरओचे पाणी पिण्यासाठी बरे, पण त्यात क्षार उरलेले असतात. एसीच्या नळीचे पाणी तांब्या-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून धुळीसह येते. पावसाचे पाणी आमच्याकडे मुबलक, आणि ते शुद्धच असते असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. पत्र्यावरून किंवा पन्हाळीतून आलेल्या पाण्यात जस्त आणि लोखंड असते, आणि लोखंडाचा अंशही बॅटरीची स्वतःहून उतरण्याची गती वाढवतो. डिस्टिल वॉटरचा पाच लिटरचा कॅन इतका महाग नसतो की त्यासाठी इन्व्हर्टरची बॅटरी पणाला लावावी. उन्हाळ्यात महिन्याला आणि एरवी दोन-तीन महिन्यांनी पातळी पाहावी.

उभ्या बॅटरीचे नुकसान

लेड सल्फेट ताजे असताना मऊ असते आणि चार्जिंगने सहज सुटते. आठवडे-महिने तसेच राहिले की त्याचे खडे मोठे आणि कडक होतात, मग ते करंट घेत नाहीत. यालाच सल्फेशन म्हणतात. उसाचा हंगाम संपल्यावर बाजूला लावलेला ट्रॅक्टर आणि मुले पुण्याला असल्याने महिनोन्‌महिने उभी राहणारी कार ही याची नेहमीची ठिकाणे. इंजिन सुरू करायला फारशी वीज लागत नाही: १५० ॲम्पिअर तीन सेकंद म्हणजे जेमतेम ०.१२५ एएच. उलट कारचे लॉक, घड्याळ आणि संगणक बंद गाडीतही ५० मिलिॲम्पिअर खात असतील तर महिन्यात ३६ एएच जातात, आणि ६० एएचच्या बॅटरीत निम्म्याहून कमी उरते. अशी गाडी राजारामपुरीहून महाद्वार रोडपर्यंत नेऊन आणली की बॅटरी भरली, ही समजूत खोटी आहे. वीस मिनिटांत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, तेवढी भर घालू शकत नाही. उभ्या गाडीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी आणि महिन्याने एकदा चार्जरवर पूर्ण भरावी.

सल्फेशनवर बाजारात पावडरी, गोळ्या आणि पल्स देणारी यंत्रे मिळतात. एप्सम सॉल्टने व्होल्टेजचा आकडा थोडा सुधारतो, पण क्षमता परत येत नाही. सुरुवातीचे सल्फेशन कमी करंटच्या दीर्घ चार्जिंगने बऱ्याच अंशी सुटते. त्यापुढे गेलेल्या बॅटरीवर खर्च करू नये, असे मी सांगेन.

फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते हा समज जुन्या लाकडी डब्यांच्या काळातला. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला तो लागू नाही. पंचगंगेच्या पुराच्या टप्प्यात राहणाऱ्यांनी मात्र बॅटरी उंचावरच ठेवावी, त्याचे कारण वेगळे आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तळमजल्यावरचे इन्व्हर्टर पाण्याखाली गेले. पुराचे पाणी बुचांतून आत शिरले तर ॲसिड पातळ होते आणि त्यात माती-क्षार मिसळतात. अशी बॅटरी घरी परत जोडू नये आणि लगेच चार्जिंगलाही लावू नये. बाहेरून धुऊन, वाळवून बॅटरी दुरुस्तीच्या दुकानात सहाही सेलची ग्रॅव्हिटी तपासून घ्यावी. आतले ॲसिड बदलण्याचे काम तेथेच करावे. इन्व्हर्टर वेगळा उघडून पूर्ण वाळल्याशिवाय त्याला वीज देऊ नये.

जुनी बॅटरी भंगारात देताना ॲसिड गटारात ओतून डबा हलका करून देण्याची पद्धत आहे, आणि ते पाणी शेवटी नदीलाच जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत घेऊन पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणून ती ॲसिडसह, उभीच ठेवून, टर्मिनलांवर चिकटपट्टी लावून बॅटरीविक्रेत्याकडे द्यावी आणि नव्या बॅटरीच्या बिलात जुनीची वजावट लिहून घ्यावी. दुचाकीवरून नेत असाल तर ती आडवी होणार नाही अशी बांधावी. ट्यूब्युलर बॅटरीसाठी टेम्पो किंवा रिक्षाच करावी, कारण ॲसिडसह तिचे वजन पन्नास किलोंच्या पुढे जाते.